पोलीस साहेबांचा हसरा निरोप: कार्यक्रम, हॉल, जेवण, साउंड, सगळ्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम इथंच होईल. कार्यक्रमाला पाचपैकी पाच, दशावतारवाल्यांना पाच, जेवणाला साडेचार, हॉलला तीन, साउंडवाल्याला दोन. हॉल कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे, हायवेपासून थोडा आत, म्हणजे म्हापशाहून येणाऱ्यांना सोपा आणि पेडण्याहून येणाऱ्यांनाही. हॉल, केटरर आणि साउंडवाला यांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तिघंही आपल्याच भागातले आहेत, जे खटकलं ते त्यांना तिथंच तोंडावर सांगितलंय आणि ते सुधारण्यासारखं आहे. आणि हो, हा कार्यक्रम ज्या लायन्स क्लबनं केला त्याचा माझा नवरा मेंबर आहे, हे आधीच सांगितलेलं बरं, पण पैसे आम्हीही बाकीच्यांसारखेच माणशी भरले होते.

प्रसंग होता गोवा पोलिसातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या निवृत्तीचा. साहेबांनी नोकरीतली बरीच वर्षं ट्रॅफिकमध्ये काढली आणि क्लबातही ते जुने मेंबर. त्यांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. आता ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो सरकारी माणूस ६० वर्षं पुरी व्हायच्या आदल्या दिवशीच, म्हणजे मागच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला निवृत्त होतो, नियमच तसा आहे, म्हणून साहेब ३१ मेला सुटणार होते आणि क्लबनं त्याच्या आधीचा रविवार धरला. सूत्रसंचालकानं सुरुवातीलाच हे उचललं, म्हणाला १ जूनपासून गोव्यात ट्रॉलर ६१ दिवस बंद आणि साहेबही बंद, ट्रॉलर तर १ ऑगस्टला परत पाण्यात जातील, साहेबांचं काय ते वैनींनी सांगावं. वैनी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "आधी जाळी तरी शिवू देत त्यांना घरी बसून, मग बघते." इथंच हॉल मोकळा झाला, पुढचे दोन तास कुणाला हसायला सांगावं लागलं नाही.

आपल्याकडे निरोप समारंभ कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. शाल, श्रीफळ, समई, मग एकामागून एक वक्ते, त्यात निम्मे असे की ज्यांनी त्या माणसासोबत एक दिवसही काम केलेलं नाही, "त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण होणार" वगैरे, आणि ज्याचा सत्कार तो हार गळ्यात घेऊन घामाघूम होत सगळ्यांकडे बघून मान हलवत बसलेला. मला मनापासून वाटतं की इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसावर हा अन्याय आहे. ती भाषणं कुणाचंही नाव घालून कुठंही करता येतात, त्यात तो माणूसच नसतो. या क्लबनं केलं त्यात पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत फक्त हे साहेब होते, दुसरं कुणी तिथं बसलं असतं तर त्यातला एकही विनोद लागू पडला नसता. माझे पाच स्टार आहेत ते यासाठी.

हे जमलं त्याचं कारण तयारी. लायन्स क्लबात टेल ट्विस्टर म्हणून एक पद असतं, अगदी क्लबच्या घटनेत लिहिलेलं. मिटिंगमध्ये मेंबरांना गमतीचे दंड करायचे आणि वातावरण हलकं ठेवायचं हे त्याचं काम. दंड जास्तीत जास्त किती ते बोर्ड ठरवतं, त्याच्या निर्णयावर अपील नाही, पण एका मिटिंगला एका मेंबराला दोनपेक्षा जास्त वेळा दंड करता येत नाही, आणि खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा असेल तर हजर असलेल्या सगळ्या मेंबरांचं एकमत लागतं. हे दोन नियम लक्षात ठेवा, पुढं कामाला येतात. यंदाचा टेल ट्विस्टर म्हणजे म्हापशाच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान असलेला एक सरळ माणूस. तो वही घेऊन वैनींकडे जाऊन बसला, साहेबांच्या जुन्या ड्रायव्हरकडे गेला, साहेब जिथं भजनाला बसतात तिथल्या मंडळींनाही भेटला. आणि जे जे बोलणार होते त्या सगळ्यांना त्यानं बजावून ठेवलं होतं की साहेबांच्या सवयींवर काय बोलायचं ते बोला, कामावर नाही. कुठल्या केसबद्दल, कुठल्या अपघाताबद्दल, हाताखालच्या शिपायांबद्दल, बदल्यांबद्दल एक अक्षर नाही. कुणाच्या जातीधर्मावर नाही, रंगावर नाही, पिण्यावर नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पोलिसाच्या नोकरीत दुसऱ्याचं दुःख पावलोपावली असतं, हॉलमध्ये कुणाच्या घरचं माणूस रस्त्यावरच्या अपघातात गेलेलं असू शकतं, तिथं एक विनोद चुकला की सगळी संध्याकाळ नासते. इथं एकदाही कुणाचा चेहरा पडला नाही, मी मुद्दाम बघत होते.

दिवा लागला, क्लबची घंटा वाजली आणि लगेच मागून झांज आणि पखवाज. पेडण्याकडच्या दशावतारी मंडळींपैकी तिघांना बोलावलं होतं. संकासुर अंगभर काळा वेश आणि डोक्यावर उंच टोकदार टोपी घालून प्रेक्षकांमधून आला, लहान मुलं आधी घाबरली आणि मग त्याच्या मागं मागं लागली. संकासुर म्हणजे ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा, इथं त्यानं साहेबांच्या टेबलाजवळ जाऊन त्यांचा जुना थर्मास पळवला. हा थर्मास खरा होता, वैनींनी गुपचूप आणून दिलेला, स्टीलचा, झाकण एका बाजूनं चेपलेलं आणि दांड्याला काळी इलेक्ट्रिक टेप गुंडाळलेली, जीपमध्ये वर्षानुवर्षं फिरलेला. साहेबांनी तो ओळखला आणि त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. नाईकानं, म्हणजे दशावतारातल्या सूत्रधारानं, बोंब मारली की वेद गेले ते गेले, आता साहेबांचा चहा गेला, फिर्याद कुठं द्यायची? तर संकासुर गोव्याच्या सीमेकडे बोट करून म्हणतो, "गुन्हो पत्रादेवीच्या पल्याड घडलो, हद्द बांद्याची, माका हात लावचो नाय!" साहेब उठले, माईक मागून घेतला आणि अगदी ड्यूटीच्या आवाजात म्हणाले, "१ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३. गुन्हा कुठल्या का हद्दीत घडेना, फिर्याद घ्यावीच लागते, झिरो एफआयआर. थर्मास ठेव आणि खाली बस." यावर संकासुरानं शांतपणे झाकण उघडलं, थर्मास उलटा केला, थेंब नाही. "बरोबर आसा सायबानु, एफआयआर पण झिरो आणि चाय पण झिरो!"

दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, कलाकार जागच्या जागी बोलतात, हे माहीत होतं पण साहेबांच्या तोंडून अचानक कलम आल्यावर त्याचं उत्तर इतक्या पटकन येणं ही त्या माणसाची खरी ताकद. शहरातून स्टँडअपवाला आणायचा विचार आधी क्लबात चालला होता म्हणे, बरं झालं नाही आणला. आपल्या जत्रांमधून रात्र रात्र जागवणारे लोक असताना बाहेर कशाला बघायचं? आणि एक गोष्ट क्लबनं चांगली केली, तिघांचं मानधन कार्यक्रमाच्या आधी हातात दिलं, जेवायलाही सगळ्यांबरोबर बसवलं.

मग आले टेल ट्विस्टर. त्यांनी दुकानातलं जुनं बिलबुक चलानबुक म्हणून आणलं होतं, मध्ये निळा कार्बन घालून बॉलपेननं दाबून लिहायचे, पहिली प्रत साहेबांना, दुसरी क्लबला. पहिलं चलान, "सार्वजनिक ठिकाणी बेवारस चहा सोडून जाणे". फोन वाजला की साहेब अर्धा कप तसाच ठेवून उठतात, ही त्यांची आयुष्यभराची सवय. साक्षीदार म्हणून ड्रायव्हर उभा राहिला आणि त्यानं शपथेवर सांगितलं की बोडगेश्वराच्या जत्रेच्या बंदोबस्तात चहावाल्यानं शेवटी साहेबांना अर्धाच कप द्यायला सुरुवात केली आणि पैसेही अर्धेच घ्यायचा. दंड ५१ रुपये. दुसरं चलान, "ड्यूटी नसताना वाहतूक नियंत्रण करणे". कुणाच्याही लग्नाला गेले की साहेब हॉलबाहेर गाड्या लावून देत उभे. इथं साक्षीदार त्यांचा सख्खा भाचा, तो म्हणाला माझ्या लग्नाच्या फोटोंत मामा एकाही फोटोत नाही, फक्त पार्किंगच्या व्हिडिओत आहे. दंड १०१.

तिसरं चलान फाडायला टेल ट्विस्टरनी पेन उचललं, "जत्रेच्या बंदोबस्तात युनिफॉर्मच्या खिशात खाजें बाळगणे", तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. "लायन, एका मिटिंगला दोनच." आणि खिशातून क्लबच्या घटनेचं घडी घातलेलं पान काढलं! म्हणजे हा माणूसही तयारी करून आला होता. तिथून डाव पूर्ण उलटला. साहेबांनी सांगितलं की पुष्कळ वर्षांपूर्वी म्हापशात भर बाजारात एक गृहस्थ विनाहेल्मेट सापडले, पाठीमागं जीआय पाइप बांधलेला, आणि त्यांनी आपल्या गोव्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी दिलेलं कारण दिलं, "सायबा, हांगाच वतां मरे." म्हणजे इथंच तर चाललोय. सगळा हॉल एका आवाजात ते वाक्य पुन्हा बोलला, मीही बोलले. ते गृहस्थ म्हणजे हेच आजचे टेल ट्विस्टर. साहेब म्हणाले सुधारित कायद्यानं आज हेल्मेटचा दंड १,००० रुपये, गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून तोच आहे, पण क्लबच्या बोर्डानं ठरवलेली मर्यादा त्याहून बरीच कमी, तेव्हा मर्यादेइतका दंड व्हावा, आणि एकमत लागतं म्हणून मेंबरांनी हात वर करावेत. झाडून सगळ्यांचे हात वर. टेल ट्विस्टर म्हणाले झालं एकमत, तर सेक्रेटरी म्हणाले नाही झालं, हजर मेंबरांत तुम्हीही येता, तुमचा हात कुठाय? मग त्यांनी हसत हसत स्वतःच्या दंडाला स्वतःचा हात वर केला. खरं सांगते, इतकं हसलेला सरकारी माणसाचा निरोप समारंभ मी दुसरा बघितला नाही.

दंडाचे पैसे एका स्टीलच्या डब्यात, तो डबा मग टेबलाटेबलावर फिरला आणि लोक आपणहून आपापले जुने विनाहेल्मेटचे गुन्हे कबूल करून त्यात नोटा टाकत होते. ते पैसे मोतीबिंदूच्या शिबिराला जाणार. लायन्सचं डोळ्यांचं काम फार जुनं आहे, १९२५ मध्ये हेलन केलरनं त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी उभे राहा म्हणून आवाहन केलं तेव्हापासूनचं. आपल्या गावातल्या कुणा आजीच्या डोळ्याला त्यातून उजेड मिळणार असेल तर मला तरी हा दंडाचा खेळ फार आवडला.

गंभीर बोलायला एकाच माणसाला ठेवलं होतं, पेडण्याकडचा एक मेकॅनिक, दोन मिनिटं. त्यानं कधीतरी रात्री रस्त्यावर पडलेल्या एका अनोळखी मुलाला आपल्या टेम्पोत घालून म्हापशाच्या आझिलो हॉस्पिटलात नेलं होतं, आणि आता पोलीस आपल्यालाच धरणार, फेऱ्या मारायला लावणार या भीतीनं तो कोपऱ्यात बसून होता. साहेब आले, त्याला चहा दिला, नाव सांगायचं नसलं तरी चालेल म्हणाले आणि घरी पाठवलं. मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्येच स्पष्ट केलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात त्यासाठी वेगळं कलम आहे, १३४अ, पण अजूनही किती जणांना माहीत असतं? मेकॅनिक एवढंच म्हणाला की त्यानंतर मी कधी गाडी न थांबवता पुढं गेलो नाही. कुठल्याही मानपत्रापेक्षा हे मोठं होतं असं मला वाटतं. आणि क्लबची समज अशी की हे शेवटी ठेवलं नाही, मध्ये ठेवलं, त्याच्यामागून परत गंमत.

भेट काय दिली? नवा थर्मास, चहानं भरलेला. अट अशी की पूर्ण कप स्टेजवर बसून संपवायचा. साहेबांचा मोबाइल ड्रायव्हरनं आधीच जप्त करून रीतसर पंचनामा केला होता. पहिल्या अर्ध्या कपानंतर कुणीतरी मागून मुद्दाम रिंगटोन वाजवली, साहेबांचा हात आपसूक खिशाकडे गेला, लोकांनी टाळ्या वाजवून त्यांना परत खुर्चीत बसवलं. कप संपला. साहेब स्वतः पाच मिनिटं बोलले, त्यातली निम्मी ड्रायव्हरबद्दल.

आता तक्रारी. साउंडवाल्यानं लॅपटॉपवरून रेकॉर्ड केलेलं हसू आणि प्रत्येक विनोदानंतर ते ढॅण टॅण सुरू केलं, टीव्हीवरच्या कॉमेडी शोसारखं. अहो समोर शंभरावर माणसं खरी हसतायत, त्यांचं हसू ऐकू येऊ द्या ना! दोनदा सांगूनही ऐकेना, शेवटी अध्यक्षांनी जाऊन बंद करवलं. त्यात कॉर्डलेस माईक एकच चालणारा, दुसऱ्याचा सेल संपलेला, त्यामुळं साक्षीदारांपर्यंत माईक पोचेस्तोवर विनोद गार. हसवायच्या कार्यक्रमात फुलांची सजावट थोडी कमी चालेल, पण शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक शब्द ऐकू गेला पाहिजे, नाहीतर तो फक्त बाकीच्यांकडे बघत बसतो, आणि तेच झालं तिकडच्या दोन टेबलांवर. शेवटच्या तासात सुधारलं, म्हणून दोन स्टार, नाहीतर एकच देणार होते.

हॉल चांगला आहे, पार्किंग भरपूर, बायकांचं टॉयलेट स्वच्छ, पाणी होतं, हे लिहायला हवं कारण बऱ्याच ठिकाणी नसतं. पण वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. जनरेटर आहे म्हणून पैसे घेतले होते, तो सुरू व्हायला इतका वेळ लागला की लोक पुठ्ठ्यानं वारा घेऊ लागले. तेवढा वेळ संकासुर आणि नाईकानं मोबाइलच्या टॉर्चमध्ये बिनमाइकचा खेळ केला, देवळाच्या आवारात आवाज टाकायची सवय असलेली माणसं ती, एक शब्द चुकला नाही. दुसरं म्हणजे गोल टेबलं. निम्म्या लोकांची स्टेजकडे पाठ होते. असल्या कार्यक्रमाला सरळ रांगेत खुर्च्या मांडा आणि जेवण नंतर बाजूच्या शेडमध्ये द्या.

जेवण मात्र मस्त. माणशी ६०० घेतले त्यात सगळं आलं. ट्रॉलर बंद व्हायच्या आधीचा रविवार असल्यानं इसवण, म्हणजे सुरमई, ताजा, तुकडा जाड, रवा लावून तळलेला आणि तेल निथळलेलं. सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, थोडं आंबट झालं होतं, सोलांचा हात जड पडला असावा, पण भातावर बरं लागलं. शाकाहारी बाजूला मिश्र भाज्यांचं खतखतें होतं, त्यात तिरफळं अगदी योग्य, ना कमी ना जिभेला झिणझिण्या येण्याइतकी, आणि कणगांचे तुकडे शिजूनही मोडलेले नव्हते, हे मोठ्या पातेल्यात जमवणं सोपं नसतं. सोलकढी परत परत घेतली लोकांनी. मणगणें गोडाला, नारळाचा रस पुरता, गूळ बेताचा. अर्धा स्टार कापला तो कशासाठी, तर मेकॅनिक बोलत असताना मागं काउंटरवर स्टीलची ताटं धडाधड मांडायला घेतली. केटररला आधीच सांगून ठेवा की आपण हात दाखवेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही.

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत आणि मी स्टाफरूममध्ये आत्ताच सांगून ठेवलंय की भाषणं नकोत, असंच करू. केटरर हाच घेणार, दशावतारी मंडळींना दिवाळीच्या आधीच विचारावं लागेल, कारण एकदा जत्रा सुरू झाल्या की त्यांच्या तारखा मिळत नाहीत. हॉल हाच घ्यायचा तर आगाऊ रक्कम देण्याआधी मेन स्विच बंद करून जनरेटर आपल्यासमोर चालू करून दाखवायला सांगा, आणि साउंडवाल्याकडून दोन कॉर्डलेस माईक आणि जादा सेल लिहून घ्या.